चौथ्या मजल्यावरची काकडी

न्युर्गुन, तू खाणीवर गेलास
आणि ही पांढरी नळी माझ्या गळ्यात मारून गेलास.
सहा भोकं, सहा कप, खाली मुळं लोंबताहेत
पाण्यात पाय सोडून बसलेल्या रिकामटेकड्यांसारखी.
मी म्हटलं होतं, हे शेत नव्हे, दवाखाना आहे.
तू हसलास, आणि कागदावर लिहून ठेवलंस:
निळ्या बाटलीची दोन झाकणं, पिवळीचं अर्धं,
पंप बंद करायचा नाही.

माझी माती पलंगाखाली आहे.
सप्टेंबरात नदीपलीकडच्या बागेतून दोन बादल्या आणल्या,
जमीन दगड व्हायच्या आत,
बसमध्ये मांडीवर घेऊन.
शेजारच्या बाईने विचारलं, बटाटे का?
म्हटलं, नाही, त्यांचं घर.

बाहेर उणे एक्कावन्न.
धुकं इतकं दाट की समोरची इमारत
आपल्या खांबांवरून उठून कुठे निघून गेली
तरी मार्चपर्यंत कळायचं नाही.
गोठलेल्या जमिनीला आपली ऊब लागू नये म्हणून
आमचंही घर पोट न टेकता उभं.
तसं पाहिलं तर सगळं याकुत्स्कच
मातीपासून हातभर वर राहतं.
हे तुला सांगणार नव्हते.

पाच भोकांत तुझा शेपू, तुझं सॅलड.
सहाव्यात मी माझं काकडीचं बी टाकलं,
मरतं कसं ते बघायला.
त्याचं भावंड बादलीत, खिडकीशी, उजेडाच्या आशेने.
दोन्ही चढले. दोन्हींना फुलं आली.
इथे माशी नाही, मधमाशी तर स्वप्नातही नाही,
म्हणून लग्नातला पावडरीचा ब्रश काढला
आणि या फुलातून त्या फुलात.
एकाहत्तराव्या वर्षी मध्यस्थी करतेय.

एकोणीस तारखेला रात्री वीज गेली.
एकतीस वर्षं बॉयलरघरात काढली मी,
आवाजात झोपते,
शांततेने जागी होते.
पंप गप्प.
टाकीतून डावभर पाणी, वरच्या तोंडातून ओतायचं,
खालून परत टाकीत. दर दहा मिनिटांनी.
रेडिएटर कोमट झाला, मग तोही नाही.
मामाचा फरचा कोट नळीवर पांघरला.
अंधारात मुळं बोटांना लागली:
नुकत्या जन्मलेल्या शिंगराच्या आयाळीसारखी, ओली,
आणि अजिबात रिकामटेकडी नव्हेत.
बादलीकडे बघायला उसंतच मिळाली नाही.

पाच चाळीसला पंप खोकला. मी पण.

उजाडलं तेव्हा खिडकीची काच आतून पांढरी होती
आणि बादलीतली वेल काचेला चिकटलेली,
काचेसारखीच.
माझी गेली. तुझी जगली.
फोनवर तू विचारलंस, सगळं ठीक?
मी म्हटलं, ठीक.

काकडी आली ती फेब्रुवारीत, करंगळीहून जाड, जरा वाकडी.
पहिला घास आगीचा, हे तुझ्या आईनेही शिकवलं असेल,
पण विजेच्या शेगडीला कुठलं तोंड?
एक चकती रेडिएटरवर ठेवली.
अर्ध्या तासात सगळ्या खोलीला जूनचा वास.
तिसऱ्या मजल्यावरची अकुलिना वासावर वर आली,
दारातच म्हणाली, कोणी कापली?
उरलेल्या अकरा चकत्या आम्ही दोघींनी खाल्ल्या,
मीठ न लावता, एकमेकींकडे न बघता.
चव? पाण्याची.
चांगल्या पाण्याची, खोटं कशाला बोलू.

बादली मात्र टाकली नाही.
पुन्हा पलंगाखाली सारली होती.
काल केर काढताना पाहिलं, तिच्यात काहीतरी उगवलंय,
फिकट, वाकडं, कोणी न पेरलेलं.
तण असणार.
निळ्या बाटलीतलं अर्धं झाकण त्यालाही घातलं.
तुझ्या कागदावर त्याचं माप नव्हतं.